दोन मिनिटांची दुरुस्ती

इरफानभाई चार आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, अकोल्यात वारले. वय एकोणसाठ. हृदयविकाराचा झटका, असं घरच्यांनी सांगितलं. मला अमरावतीत तिसऱ्या दिवशी कळलं.

कापसाच्या वाईट वर्षांत मी अकोल्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. पानं तिथे लागायची, छपाई अमरावतीत व्हायची. कचेरीतले संगणक एकमेकांना आणि अमरावतीला जोडण्याचं काम इरफानभाईंचं. बिघाड झाला तर ते फोनवर कधीच काही सांगत नसत. "हात नका लावू भाऊ, मी येऊन राहिलो," एवढंच म्हणायचे, आणि हिवरखेडला असले तरी स्कूटर काढून यायचे.

हे सबनेट मास्क म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चहा खाली ठेवला. "मास्क म्हनजे मोहल्ल्याची हद्द. गेटवे म्हनजे बाहेर जायचा दरवाजा. हद्द मोठी लिहिली त मशीनले वाटते, अमरावती आपल्याच गल्लीत हाये. मंग ते दरवाज्याकडं जातच नाई, घरातूनच हाका मारत बसते... तुमच्या वार्ताहरावानी."

एका संध्याकाळी इंटरनेट चालू असूनही माझ्या मशीनवरून पान अमरावतीला जाईना. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचं जिल्हा पान होतं. ते छापलं गेलं नाही. संपादकांनी कारण विचारलं. इरफानभाईंची सेटिंग चुकली असणार, असं मी सांगितलं.

सकाळी ते आले. मास्कच्या रकान्यातलं २५५.२५५.०.० खोडून २५५.२५५.२५५.० केलं, म्हणजे हद्द लहान केली. दोन मिनिटं लागली.

"कोनी हात लावला होता काय, भाऊ?"

"नाही."

त्यांनी पिशवी उचलली. "मंग माहीच चूक असन."

त्याच आठवड्यात त्यांचं काम बंद झालं.

ते वारल्यानंतर हा प्रकार मी एका तंत्रज्ञाला सांगितला. आमच्या मशीनचे नेटवर्कमधले पत्ते १७२ ने सुरू व्हायचे. असा पत्ता नव्याने टाइप केला की मशीन मास्क आपोआप २५५.२५५.०.० असा भरतं, तो दर वेळी हाताने बदलावा लागतो, असं तो म्हणाला. त्या दिवशी पडद्यावर पत्त्याबद्दल काहीतरी सूचना आली होती, हे मला आठवतं. मी पत्ता बदलला, की नुसती सूचना बंद केली... कधी एक आठवतं, कधी दुसरं. इरफानभाईंना मशीनची ही खोड माहीत असणारच. मग ते गप्प का राहिले, हे मला कळत नाही. काम सुटल्यानंतरही आम्ही अनेकदा भेटलो. मी विचारलं नाही.

कचेरीतलं त्या वर्षीचं ड्यूटी रजिस्टर गेल्या शनिवारी पाहायला मिळालं. त्या दिवशी त्या मशीनपुढे सकाळपासून एकच नाव आहे, ते माझं.