माहिती केंद्राची किल्ली

आमच्या बोरी बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत परदेशी मदतीतून कॉम्प्युटर आला. दारावर पाटी लागली, ‘माहिती सर्वांसाठी’, आणि खाली हे भलं मोठं कुलूप. मदतीची अट होती की चालवणारी गावातलीच बाई हवी. म्हणून कागदावर सही माझी घेतली. दहावी झालेली दुसरी सून होती कुठं? मीही हौसेनं जीपमध्ये कोंबून घेऊन नारायणगावला जायची, क्लास पुरा केला.

किल्ली मात्र सरपंचांच्या खिशात. ते माझे चुलत सासरे. धूळ बसंल, बिघडंल, हे त्यांचं रोजचं पालुपद. वर्षभरात त्या खोलीत मी एकदाच गेले, दसऱ्याला, पूजेचं ताट घेऊन. त्यांच्या पुतण्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. माझा जीव नुसता तळमळला.

मग मदत देणाऱ्यांकडून एक गोऱ्या बाई पाहणीला आल्या, सोबत पुण्याचे दुभाषी. मला औक्षणाला उभं केलं आणि खुर्चीत बसला पुतण्या. कुंकवानं चिकटलेली बटणं उठतायत कप्पाळ! सरपंच म्हणाले, लाइटीचा घोटाळा झालाय. डोक्यावर पंखा गरगरत होता.

बायका रोज येतात का, असं बाईंनी विचारलं. मी पुढं होऊन सगळं सांगितलं, सही माझी आणि कुलूप यांचं. दुभाषी गोड हसले आणि इंग्रजीत म्हणाले, बायका फार खूश आहेत. तेवढं इंग्रजी मला कळत होतं. असा संताप आला म्हणता! ताट टेबलावर आदळलं आणि सरपंचांपुढं हात पसरला.

“मामंजी, किल्ली द्या.”

बाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग सरपंचांच्या खिशाकडं. दुभाष्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही. सरपंचांनी नाइलाजानं किल्ली काढून दिली.

संध्याकाळी सरपंच आमच्या घरी आले. चारचौघांत अब्रू घालवलीस, म्हणाले, आण ती किल्ली. सासूबाई आतून खुणावत होत्या, देऊन टाक. मी किल्ली पदराला गाठ मारून बांधली.

“सही माझी हाय, मामंजी. किल्ली न्हाई मिळायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली, दार सताड ठेवलं आणि ओल्या फडक्यानं एकेका बटणावरचं कुंकू पुसायला बसले.