माहेरचा चाकवत

माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

घमापुरातल्या आमच्या एकत्र घरात स्वयंपाक तिच्या हुकमानं व्हायचा. माझे बाबा धाकटे. त्यांना फॅक्टरीत चिकटवलं ते तिच्या नवऱ्यानं, म्हणून आमच्या बाजूचे सगळे तिच्यापुढे मुके. दिवाळी सरली की सिहोऱ्याच्या बसनं तिच्या भावाकडून चाकवताचं पोतं यायचं. त्याच्या गव्हात माजलेलं ते तण. शेजारपाजारचे हिंदीवाले त्याला बथुआ म्हणत आणि कधीमधी खात. आमच्याकडे तो रोज असायचा: ताकातला, डाळीतला, पराठ्यात, रायत्यात. माहेरची भाजी वाया घालवणं म्हणजे तिच्या भावाचा अपमान.

मी शाळेत हॉकी खेळायचे, उजव्या टोकाला, आणि झकास खेळायचे. पण थंडीत तासभर मैदानावर काढला की माझा चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. पापण्या सुजायच्या, हातांच्या पाठी फुगायच्या, मग त्यावर काळे डाग राहायचे. मोठ्या आईनं निदान केलं, "हिच्या अंगात गरमी आहे." वांगं बंद, लोणचं बंद, शेंगदाणे बंद. आणि थंड म्हणून चाकवत दुप्पट. मी जितकी सुजायचे, तितका वाढायचा चमचा माझ्या ताटात जास्त वेळा यायचा.

भर मे महिन्यात, लूच्या गरम झळा वाहत असताना, मी त्याच मैदानावर धावायचे आणि मला काहीही व्हायचं नाही. हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. मी एकदा जेवताना विचारलं, "मोठी आई, उन्हाळ्यात काहून नाही सुजत मी? तेव्हा चाकवत नसते."

तिचा हात थांबला. "माझ्या भावाच्या भाजीले नाव ठेवून राहिली का तू?"

"नाव नाही ठेवत. पंधरा दिवस नको वाढू, एवढंच."

"अच्छा! आता पोरी मले सैपाक शिकवतील. चलो, ताट संपव."

जिल्ह्याच्या संघाची निवड जानेवारीत होती. त्या आठवड्यात मी भाजी ताटात तशीच ठेवून उठले. तिनं पदर डोळ्यांना लावून काकांपुढे माहेराचा पाढा वाचला. काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. "खा," ते म्हणाले, "घरात तमाशा नको." आईनं पोळीवर तूप जरा जास्त लावलं. तिची हिंमत तिथवरच होती.

मी खाल्ला, त्या दिवशीही आणि पुढेही. निवडीच्या सकाळी सरावाची एक फेरी झाली आणि ऊन चढलं तसे माझे डोळे सुजून मिटत गेले. चेंडू दिसेना. खेळ शिकवणाऱ्या दीदींनी माझी हनुवटी वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, तुम घर जाओ." माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. पुढच्या वर्षी मोठ्या आईनं माझं मैदानच बंद करवलं, कारण ऊन सोसत नाही ना पोरीला.

सासरी चाकवत कोणाला आवडत नाही. तिथे पहिल्याच थंडीत माझी कातडी साफ राहिली. सदर बाजारातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही भाजी सतत, भरपूर खाल्ली की काही जणांना ऊन बाधतं. मी ते मोठ्या आईला मुद्दाम जाऊन सांगितलं. "डॉक्टरले काय समजते," ती म्हणाली.

गेल्या संक्रांतीला तिच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं. ती आता थकली आहे, आवाज मात्र तसाच. माझा हात धरून तिनं बायकांना सांगितलं, "पाहा हिचं तोंड. कसे डाग होते! मी चाकवत चारून चारून साफ केलं." बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या.

मी हात सोडवून घेतला आणि गच्चीच्या मधोमध उन्हात जाऊन उभी राहिले.

"अगं, सावलीत ये, ऊन लागीन," ती ओरडली.

"आता नाही लागत. तुझ्या भावाची भाजी सोडली, तेव्हापासून."

"पगली है, बचपन से," ती बायकांकडे वळून हसली. त्याही हसल्या.

त्यांचं हसू ओसरेपर्यंत मी थांबले. मग सांगितलं की मी हॉकी खेळायचे, चांगली खेळायचे, आणि माझी निवड होणार होती. त्या घरात हे वाक्य तोवर कोणीच उच्चारलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही.