हळदीचं बोट

मसाल्याचा डबा पुसायला उचलला, तर खाली अंथरलेला आलेखाचा कागद निघाला. लेकीचा, बारावीचा. माझ्या बायकोनं, हिनंच तो फळीवर घातला होता. ही वारून आठ महिने झाले, पण कागदाला हळदीचा वास आहे आणि त्या वाकड्या रेघेवर हिच्या बोटाचा पिवळा डाग. बघून स्वतःवरच डोकं फिरलं.

मी चौथी शिकलेला, ही तेवढीही नाही. लेक बारावीला होती तेव्हा एका संध्याकाळी उदगीरच्या घरी ती बाहेरच्या खोलीत हाच आलेख काढत होती. ही भाजीत हळद टाकून तशीच तिच्यापाशी येऊन बसली. रोजच बसायची.

लेक म्हणाली, "आई, डेरिव्हेटिव्ह, म्हंजी रेघेचा चढ, शून्य आला की रेघ तिथं सपाट होती. म्हणजे तिथून ती वळणार."

हिनं सपाटीवर बोट ठेवलं. "सपाट झाली म्हणून वळलीच पायजे का गं? आपल्या शेताच्या चढाला मधी सपाटी लागती, पुढं पुन्हा चढच हाय की."

लेकीनं रेघ पुन्हा निरखली. "खरंय. दोन्ही बाजूंचा चढ बघायलाच पायजे. माझं चुकलं."

मी मधेच म्हणालो, "मास्तरीणबाई, भाकर करपायली तुमची."

तव्यावर भाकर नव्हतीच. हिलाही ते ठाऊक होतं, तरी उठून गेली. पुन्हा कधी वहीपाशी बसली नाही.

मला काही कळलं नव्हतं अन् हिला कळलं होतं, एवढंच मला सोसलं नाही. हे हिला सांगायला पुष्कळ वर्षं होती माझ्याकडं. सांगितलं नाही.