टॉवेलखालची ठिणगी

वडिलांची, अण्णांची, जुनी मोटारसायकल सकाळपासून सुरू होत नव्हती. प्लग काढून इंजिनाला टेकवला, उन्हात ठिणगी दिसावी म्हणून डोक्यावरून टॉवेल ओढला आणि वाकलो. मग लक्षात आलं, किक मारायला कुणीच नाही.

हे काम दोघांचं. गावाकडे अण्णा किक मारायचे, मी टॉवेलखाली ठिणगीचा रंग बघायचो; निळी म्हणजे जोरदार.

"कशी दिसती रं?"

"पिवळी, अण्णा. मरतुकडी."

"मग पॉइंट घास की! कालिजात काय नुसती हजेरी घेत्यात?"

याच गाडीवर मागे बसवून त्यांनी मला कॉलेजात पोचवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. अण्णा गेल्यावर गाडी शहरात आणली. ती बंद पडू द्यायची नाही, एवढंच माझ्या हातात उरलंय.

इथले शेजारी मला दारावरच्या पाट्यांपुरते ठाऊक. "जरा किक मारता का?" असं कुणाला विचारायचा धीर होईना. ठिणगीसाठी उघडझाप करणारे ते काजळलेले पॉइंट घासले, पुन्हा टॉवेल ओढला आणि वाकूनच, एका हाताने किक दाबली. टॉवेलखालच्या अंधारात टचकन ठिणगी उडाली.

"निळी, अण्णा!" मी ओरडलो.

मग बराच वेळ टॉवेल डोक्यावरून काढलाच नाही.