ओढ्यातून आलेली किल्ली

मी माणची, दुष्काळी मुलखातली. आमच्याकडे ओढा म्हणजे रस्ता. त्यातून मेंढरं जातात, मोटारसायकली जातात, लग्नाचं वऱ्हाड जातं; पाणी तेवढं जात नाही. त्यामुळे वाहतं पाणी बघितलं की मी चार पावलं मागे सरते, आणि हे सांगितलं की लोक हसतात. नवराही माणचाच, पण तो हसणाऱ्यांत. मामाच्या विहिरीत पोहायला शिकलेला. विहीर जिंकली म्हणजे सगळं पाणी आपल्या बापाचं, असा त्याचा खाक्या.

तो सांगलीजवळ कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर काम करतो. तिथल्या लोकांनी पावसाळ्यात बायकांसकट डोंगरावर जायचं ठरवलं. पाटणच्याही पलीकडे, एका गावापाशी गाडी ठेवून वरच्या देवीच्या ठाण्यापर्यंत चढायचं. मला नको होतं.

"आवं, धुक्यात काय बघायचंय?"

"धुकंच बघायचंय," तो म्हणाला. वाद तिथंच मिटला, म्हणजे मी हरले.

चढताना वाटेत ओढा लागला. घोट्याएवढं पाणी. सगळे बूट हातात घेऊन खिदळत गेले. मी भाभींचा हात धरला. भाभी म्हणजे वर्कशॉपच्या मालकांची बायको, माहेर मिरजेचं. मी हात इतका आवळला की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. वर पोचल्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. डबे उघडले, चपात्या भिजल्या, पावसाने जोर धरला. बाकीचे फोटो काढत होते आणि माझं मन खाली त्या ओढ्याशी जाऊन बसलं होतं.

उतरलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. गाव पलीकडे, आम्ही अलीकडे. आता आमची नवरा-बायकोची जोडी सोडली तर सगळे सांगली-मिरजेचे, महापूर बघितलेले. पुराचं पाणी बघायला ही माणसं गेली की आधी कडेला दगड ठेवतात. दगड बुडाला तर पाणी चढतंय, उघडा राहिला तर थांबलंय. कृष्णेचं पाणी असंच येतं, पायरीपायरीने, माणसाला गाद्या आणि टीव्ही वरच्या मजल्यावर न्यायला वेळ देऊन. भाभींनी स्वतः जाऊन पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला. सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसले. बराच वेळ दगड होता तसाच राहिला.

"चढत न्हाई पाणी," एकाने निकाल दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला पाण्यातलं काय कळतंय?

नवरा म्हणाला, "मी पुढं जाऊन बघतो. मागनं एकेक या." काठी टेकत तो पाण्यात उतरला.

तो मध्यावर असेल तेव्हा वरच्या अंगाने आवाज आला, डंपरमधून खडी ओतावी तसा. मला वाटलं दरड कोसळली. भाभींनी माझ्या दंडाला धरून मला मागे खेचलं. पाणी लाल झालं, त्याबरोबर फांद्या, पाला, एक अख्खं झाड आलं. पांढरा दगड बुडाला नाही. तो गेलाच, आणि त्याच्याबरोबर आम्ही बसलो होतो ती जागाही गेली.

मी नवऱ्याला शोधत होते आणि तो दिसत नव्हता. मग दिसला. ओढ्याच्या मधोमध एक मोठा खडक होता, त्यावर तो ओणवा होऊन चिकटला होता. एका पायात बूट नव्हता.

गडीमाणसांनी ओढण्या एकमेकींना बांधल्या. त्या निम्म्यापर्यंतही पोचेनात. फोनला रेंज नव्हती. पाणी खडकावर चढत चाललं होतं.

तो हळूच उभा राहिला. रेनकोट काढला. मग खिशात हात घातला आणि काहीतरी आमच्याकडे भिरकावलं. माझ्या पायाशी चिखलात ते येऊन रुतलं.

आमच्या घराची किल्ली. तिला त्याने लेथवर कातलेला पोलादी गोळा लावला होता. खिशाला भोकं पाडणारा म्हणून मी रोज त्या गोळ्याला नावं ठेवायचे. घराला एकच किल्ली आणि ती कायम त्याच्याकडे. मी बाजारातून लवकर आले तरी पायरीवर बसून राहायची, पण हा बाबा किल्ली हातची सोडायचा नाही.

भाभींनी ती उचलून, पुसून माझ्या हातात दिली. "ठेवा वैनी," एवढंच म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

तेव्हा मला समजलं. मी घरात जावं, अडून राहू नये, एवढी सोय लावून तो मोकळा झाला होता. मला इतकी भीती वाटली की तिचा रागच झाला.

"आवं, तुमचं कुलूप तुमी उघडा," मी किंचाळले, आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावून किल्ली परत त्याच्याकडे फेकली. ती खडकाच्या बरीच अलीकडे पाण्यात पडली.

किल्ली पडली त्या जागेकडे तो बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग खाली बसला आणि खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी देवीला काय काय बोलले तेही सांगण्यासारखं नाही. पाऊस थांबला तसं पाणी आलं त्याच घाईने उतरलं. गडीमाणसांनी हाताला हात धरून त्याला काठावर आणलं. मग एकेक करून सगळे ओढा ओलांडून गाडीपाशी आलो.

घरी पोचलो तर दाराला कुलूप. शेजारून हातोडा आणला. मी मोबाइलचा उजेड धरला.

"कशाला फेकली किल्ली?" तो म्हणाला.

"तुमी कशाला फेकली?"

त्याने एक घाव घातला. "उडी मारणार हुतो. वाटलं, पोहून निघंन." आणखी एक घाव. "किल्ली बुडाली, तवा बसलो. म्हटलं, आता कुलूप कोण तोडणार? तुझ्यानं न्हाई व्हायचं."

मला रडू फुटलं. तो मारत राहिला. घाव कुलपावर कमी आणि दारावर जास्त बसत होते. मी उजेड धरून उभी होते आणि मनात त्या कुलपाला म्हणत होते, बाबा, इतक्यात तुटू नकोस.