विभूती लावलेला इक्वलायझर

आमच्या जीपचा ब्रेक दोनदा दाबल्यावर लागत असे, हॉर्न त्याच्या मनात आलं तर वाजे आणि ताडपत्रीच्या टपातून पाणी गळे. या सगळ्यावर माझ्या मोठ्या भावाने एकच उपाय शोधला. तो म्हणजे हैदराबादेहून आणलेला कार स्टीरिओ. जिंतूर ते परभणी सवाऱ्या वाहणाऱ्या जीपला त्याने डेक बसवला, डेकखाली सात सरकत्या दांड्यांचा इक्वलायझर बसवला, मागच्या बाकांखाली प्लायवूडच्या खोक्यांत दोन मोठे स्पीकर आणि वर कोपऱ्यांत दोन ट्विटर. मधे क्रॉसओव्हर नावाची एक डबी होती. ती जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज ट्विटरला वाटून देते, हे दादाने इतक्यांदा समजावून सांगितलं की शेजारणीलाही पाठ झालं. सवाऱ्यांनी मात्र त्या खोक्यांवर निवांत पाय ठेवले. एका बाईने तर त्यांना कोंबडी बांधली.

दादाला सगळं येत होतं, फक्त गाणं ऐकता येत नव्हतं. कान ठणठणीत होते. सुराशी त्यांचा संबंध नव्हता, एवढंच. इक्वलायझरवरचे लाल-हिरवे दिवे नाचले की गाणं छान वाजतंय, असा त्याचा हिशेब. म्हणून ट्यूनिंगला मी लागायची. बी.ए.चं दुसरं वर्ष संपवून मी घरी बसले होते, म्हणजे मला बसवलं होतं, त्यामुळे वेळ भरपूर. त्यातून विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद असला की जीप दिवसभर दारात उभी. मग मी मागच्या बाकावर आणि दादा पुढे, दांड्या वरखाली करत.

"आता कसं वाटायलंय?"

"गाणारी तोंडात भाकर धरून गायलीय."

"आता?"

"आता कुणीतरी भांडी घासायलंय."

माणसाचा आवाज मधल्या तीन दांड्यांवर असतो, हे मला त्या बाकावर कळलं. त्या तिन्ही खाली गेल्या की ढोलक राहतो, घुंगरू राहतात आणि गाणारी नाहीशी होते. मी सांगेन ते दादा निमूट करी. स्पीकरच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा होता. त्याच दिवसांत माझ्यासाठी स्थळं बघणंही चालू होतं, आणि त्या बाबतीत मला कसं वाटायलंय, हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

ताडकळसचं स्थळ आलं ते दसऱ्याच्या तोंडावर. पोराकडे जमीन होती, ट्रॅक्टर होता, आणि सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या म्हणण्याप्रमाणे स्वभाव गाईसारखा होता. गाय मी पाहिलेली होती, पोरगा पाहिला नव्हता. घरात मात्र सगळं ठरल्यातच जमा होतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, होकार द्यायचा. नकार दिलाच तर तो पाहुण्यांनी द्यायचा असतो, हे मला मायने आधीच सांगून ठेवलं होतं.

पाहुणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. दसऱ्याला आमच्या मायने नांगर पुजला, विळे पुजले, जीप पुजली. आमच्यात पूजा म्हटली की विभूती. जीपमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, तर दादाचा लाडका इक्वलायझर. मायने विभूती पाण्यात कालवली, तीन बोटं बुडवली आणि इक्वलायझरच्या कपाळावर तीन ठसठशीत पट्टे ओढले. इक्वलायझरला कपाळ नसतं, दांड्या असतात. ओघळ आले म्हणून तिने पदराने ते खाली निपटून काढले, तेव्हा मधल्या तिन्ही दांड्या तळाला गेल्या आणि राख त्यांच्या फटींत शिरली. सकाळपर्यंत ती अशी वाळली की दांड्या जागच्या हलेनात.

मी सकाळीच दादाला सांगितलं, "गाणारी गेली."

"दिवे तर नाचायलेत," दादा म्हणाला. "पाव्हणे यायची वेळ झाली, तू मधी मधी करू नको."

पाहुणे आले. पोरगा, त्याचे वडील आणि मामा. पोहे झाले, मला विचारायचे प्रश्न विचारून झाले. स्वयंपाक येतो का, शेतातलं काम येतं का, शिकणं सुटलं हे बरंच झालं की नाही. मग मोठी माणसं पावसापाण्याचं बोलत बसली आणि दादा पोराला जीप दाखवायला घेऊन गेला. मला चहा घेऊन तिकडेच बोलावलं. दोघांनी एकमेकांशी बोलावं, एवढे आमचे वडील, म्हणजे अप्पा, पुढारलेले होते.

दादाने कॅसेट लावली. गाणं बाईचं होतं. ढोलक असा धडधडला की कपबश्या थरथरल्या, वर ट्विटर छन् छन् करू लागले आणि मधे कुणीही नव्हतं. फार कान दिला तर रांजणाच्या तळातून कुणी हाक मारावी तसं काहीतरी येई. पोरगा डोळे मिटून मान डोलावत होता.

"तुमाला आवडत्यात का गाणी?" त्याने मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तसा त्यानेच आवाज वाढवला. मी दोन वाक्यं बोलले. तो ढोलकाकडे बघत होता.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाईचा आवाज येतोय का तुमाला?"

"एकदम क्लिअर," तो म्हणाला. "बेस बगा की!"

माणूस वाईट नव्हता. माझ्यावर ओरडला नसता, मारलं नसतं. पण जन्मभर मी बोलत राहणार आणि हा मान डोलावत राहणार, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

पाहुण्यांनी जाताना होकार कळवला. मुलगी शांत आहे म्हणाले. संध्याकाळी मी अप्पांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मला न्हाई करायचं हितं." मायने कपाळाला हात लावला. मी जीपपाशी काय घडलं ते सांगितलं. दादा म्हणाला, गाण्यावरून कुणी सोयरीक मोडतं का? अप्पांना गाण्याचा मुळीच शौक नव्हता. त्यांच्या मते स्टीरिओ म्हणजे बॅटरी उतरवायचं यंत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले, माझ्याच जागेवर. दादाला म्हणाले, "लाव ते कालचं."

पूर्ण गाणं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर विचारलं, "यात बाई कुठंय?"

"कुठली बाई?" दादा म्हणाला.

अप्पा खाली उतरले, धोतर झटकलं आणि ओसरीवर जाऊन बसले. दुपारी मध्यस्थ आला तो बोलणी पुढे न्यायलाच. नकार द्यायचाच झाला तर त्याची आमच्याकडे ठरलेली रीत होती. मठातून मुहूर्त मिळत नाही म्हणायचं, यंदा करायचं नाही म्हणायचं, काहीही म्हणायचं. पोरीला त्यात आणायचं नाही. मी आतून ऐकत होते. अप्पा यातलं काही म्हणाले नाहीत.

"पोरीला पसंत न्हाई," ते म्हणाले.

मध्यस्थ हसला. "पोरीला काय कळतंय, अप्पा?"

"घरात तिलाच ऐकू येतंय," अप्पा म्हणाले. "आमी नुसते बसलेलो असतो."

मी चुलीपुढे बसून रडले.