छत्रीताईचा शब्द

छत्रीताईची छत्री उन्हासाठी नव्हती. सकाळी संत्र्याच्या बागेत शिरायचं, छत्री उघडून फांदीखाली उलटी धरायची, फांदीला काठीचे चार टोले हाणायचे आणि आत काय पडतंय ते बघायचं, हे तिचं काम. बागायतदार मंडळानं तिला त्यासाठीच ठेवलं होतं. पडायचे ते सोंडकिडे: करडे, लांब तोंडाचे आणि पक्के नाटकी. छत्रीत पडले की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करायचे. "ऊठ रे मुडद्या," म्हणत ती एकेकाला उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची.

हा किडा पानांच्या कडा कुरतडतो, पण ते सगळं वरवरचं. खरा घात जमिनीखाली होतो. दोन पानं एकमेकांना चिकटवून तो मध्ये अंडी घालतो. अळ्या बाहेर आल्या की खाली मातीत पडतात आणि महिनोन्महिने मुळं खात बसतात. झाड वरून हिरवंगार, खालून संपलेलं. छत्री रिकामी निघाली म्हणजे किडा गेला असंही असतं आणि सगळाच्या सगळा अजून अळी होऊन खाली बसलाय असंही असतं. "छत्रीवर जाऊ नका, खणून मुळं बघा," हे तिचं वाक्य लोकांना इतकं पाठ झालं होतं की ते तिच्या तोंडावर तिची नक्कल करायचे. तीही हसायची.

म्हणूनच तिनं जे केलं त्याला माफी नाही. पण तिच्या जागी आपण वेगळं वागलो असतो, असं छातीठोकपणे कुणी सांगावं?

हे घडलं ती बाग तिच्या धाकट्या भावाची होती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही सोळाची. त्याची वेणीफणी नव्हती एवढंच, बाकी आईचं सगळं तिनंच केलं. साडेतीनशे झाडं त्यानं स्वतःच्या हातानं लावली. किडा आला तेव्हा बहीणभावांनी दोन वर्षं त्याच्याशी झुंज घेतली. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, किडा वर चढू नये म्हणून खोडांना चिकट पट्ट्या गुंडाळल्या. शिवाय अळीच्या अंगात शिरून तिला मारणारे, डोळ्यांना न दिसणारे कृमी पाण्यात मिसळून मुळांशी सोडले. तेही ऊन उतरल्यावरच, आधी माती भिजवायची, मग नंतर पुन्हा भिजवायची. माणसाचा पिट्टा पडायचा. भाऊ अर्धा झाला. वहिनी वरवर थट्टा करायची, "ताई, पुढच्या जन्मी मी संत्र्याचं झाड होते, म्हणजे हे माझ्याकडे बघतील तरी." आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

तिसऱ्या वर्षी कोवळी पालवी फुटली, तशी ताई तपासायला आली. एकेका झाडाला टोले देत पुढे निघाली आणि भाऊ श्वास रोखून मागोमाग. साडेतीनशेतली निवडक चाळीस झाडं झाली. छत्रीत वाळकी पानं आणि एक कोळी, बस्स. शेवटच्या झाडाशी त्यानं विचारलं, "ताई, संपलं ना गं?"

पिशवीत खुरपं होतं. नियमाप्रमाणे निदान दहा झाडांची मुळं उकरून बघायला हवी होती. तिनं पिशवीत हातही घातला. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या तोंडावर थोडी धुगधुगी दिसत होती.

"संपलं," ती म्हणाली. "बाग स्वच्छ आहे."

तो तिथेच बुडाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. वहिनीनं धावत जाऊन चहा टाकला. उद्या येऊन गुपचूप खणू, असं ताईनं मनाशी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी तो शिट्टी वाजवत झाडांभोवतीची आळी साफ करताना दिसला आणि तिची हिंमत झाली नाही. परवा बघू, तेरवा बघू, असं करता करता ते राहूनच गेलं. त्यानं औषधपाणी थांबवलं. तिनंच संपलं म्हटल्यावर का नाही थांबवणार?

पुढच्या वर्षी झाडं पिवळी पडली. फळं लिंबाएवढीच राहिली. थोडा वारा आला तरी झाडं कलायला लागली. तेव्हा कुठे ताईनं खुरपं काढलं. सोटमुळाची साल पार सोललेली आणि मातीत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या, माजलेल्या अळ्या. बाग उपटायला यंत्राला दोनच दिवस लागले. भाऊ बांधावर उभा होता. तो तिला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तर ती जरा तरी जगली असती.

मग मंडळाची बैठक झाली. आजूबाजूचे सगळे बागायतदार घाबरून आले होते. कुणीतरी विचारलंच, "पण छत्रीताईंनी तपासली होती ना ही बाग?"

ती उठायच्या आत भाऊ उठला. "ताईनं तीनदा बजावलं होतं, खणून बघ म्हणून. मीच आळस केला."

लोक हळहळले. ताई ताडकन उभी राहिली. "खोटं बोलतोय तो! मी खणलंच नाही. बाग स्वच्छ आहे असं मीच सांगितलं त्याला. माझ्यामुळे गेली त्याची बाग."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले. "भावाचा दोष अंगावर घेतायत," ते शेजाऱ्याला म्हणाले. "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं."

"अहो, खरं सांगतेय मी!" तिचा आवाज चिरकला. "देवाशपथ खरं सांगतेय!"

दोघीतिघींनी तिला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मागच्या रांगेतले एक आजोबा भावावर डाफरले, "बघ जरा तिच्याकडे. आणि तू तिचं ऐकलं नाहीस!"

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "हो, चुकलं माझं."